मायामीची सरासरी आणि धायरीची हजेरी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक 51 वर्षांचे असून धायरीत राहतात आणि गेली 28 वर्षे रंगकाम करतात. त्यांचे वडील 1972 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून पुण्यात आले आणि बांधकामावर राबले. 2016 साली आतल्या रंगकामाची मजुरी ते चौरस फुटाला 11 रुपये घेत असत. आज तेवढीच मागितली, तरी ‘परप्रांतीय 8 रुपयांत करून देतात’ असे त्यांना ऐकावे लागते. परिसरातील रंगाऱ्यांनी एक निवेदन तयार केले आहे. सोसायट्यांनी बाहेरच्या राज्यांतील माणसांना रंगकाम देऊ नये, अशी त्यात मागणी आहे. येत्या रविवारच्या बैठकीत त्यावर सह्या व्हायच्या आहेत. पत्रलेखकांची मुलगी अर्थशास्त्रात एम. ए. करते. ‘बाहेरून माणसे आल्याने मजुरी पडत नाही, हे सिद्ध झाले आहे आणि त्याला नोबेलही मिळाले आहे,’ असे ती म्हणाली. त्यावरून बापलेकीत अबोला आहे. पत्राच्या शेवटी एका ओळीत ते लिहितात की, त्यांच्या हाताखाली काम करणारी दोन मुले उत्तर प्रदेशातील आहेत. त्यांचे प्रश्न दोन आहेत: निवेदनावर सही करावी का, आणि आपला अनुभव खोटा आहे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचे उत्तर त्यात अडकलेले आहे. तुमचा अनुभव खोटा नाही. दहा वर्षांपूर्वीचाच दर आज मागून तोही मिळत नसेल, तर तुमची मिळकत घटली आहे. या काळात किराणा, घरभाडे आणि मुलीची फी कितीने वाढली, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण दर पडला, ही एक गोष्ट झाली आणि तो अमुक माणसांमुळेच पडला, ही दुसरी. पहिली तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. दुसरी तुम्ही ताडली आहे, आणि तुमच्या मुलीचे तुमच्याशी जे भांडण झाले, ते या दुसऱ्या गोष्टीवरून.

तिने ज्यांच्याविषयी सांगितले, ते अर्थशास्त्रज्ञ म्हणजे डेव्हिड कार्ड. मूळचे कॅनडाचे, बर्कलीच्या विद्यापीठातील प्राध्यापक. 2021 च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग त्यांना मिळाला आणि उरलेला अर्धा जोशुआ अँग्रिस्ट व गुइडो इम्बेन्स यांच्यात वाटला गेला. एप्रिल 1980 मध्ये क्युबाच्या सरकारने मारिएल नावाचे बंदर देश सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खुले केले आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख माणसे होड्यांतून अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात उतरली. त्यांतील जवळपास निम्मी मायामी शहरात राहिली. तेथील कामकरी माणसांची संख्या त्यामुळे सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. मजूर अड्ड्यावर रोज सकाळी चौदा माणसे उभी राहत असतील, तर एका हंगामात तिथे पंधरावा येऊन उभा राहिला, असे समजा. कार्ड यांनी मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पा या शहरांशी केली, कारण तिथे असा लोंढा आलेला नव्हता. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की, मायामीतील कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर या लोंढ्याचा म्हणावा असा परिणाम दिसत नाही.

हे कसे शक्य आहे, असे तुमच्या मनात येणारच. कांदा जास्त आला की मार्केट यार्डात भाव पडतो, मग माणसे जास्त आली की मजुरी का पडू नये? त्याचे कारण असे की, कांदा स्वतः काही विकत घेत नाही. माणूस मात्र आल्या दिवसापासून खोली भाड्याने घेतो, वडापाव खातो, मोबाइलचे रिचार्ज मारतो. म्हणजे तो काम मागतो तसे कामही निर्माण करतो. शिवाय मायामीत क्युबाहून माणसे येण्याची रीत आधीपासून होती. स्वस्त मजुरांवर चालणारे, कपडे शिवण्यासारखे धंदे तिथे रुजलेले होते. आणि नवे क्युबन आले म्हणून इतर ठिकाणांहून तिथे येऊ घातलेली काही माणसे दुसरीकडे वळली असावीत, अशीही शक्यता कार्ड यांनी मांडली होती.

येथवर तुमची मुलगी बरोबर आहे. पण ‘सिद्ध झाले’ हा शब्द तिने जपून वापरायला हवा होता. जॉर्ज बोर्हास नावाचे हार्वर्ड विद्यापीठातील दुसरे अर्थशास्त्रज्ञ आहेत. ते स्वतः हवानात जन्मले आणि 1962 साली लहानपणी अमेरिकेत आले. 2003 मध्ये त्यांनी सारख्या शिक्षणाचे आणि सारख्या अनुभवाचे कामगार गटवार मोजले. एखाद्या गटात बाहेरून आलेल्यांमुळे 10 टक्के माणसे वाढली, तर त्या गटाची मजुरी 3 ते 4 टक्क्यांनी उतरते, असा त्यांचा हिशेब निघाला. पुढे ते पुन्हा मायामीकडे वळले आणि त्यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडलेले पुरुष तेवढे वेगळे काढून पाहिले. त्यांच्या मते या गटाची मजुरी 10 ते 30 टक्क्यांनी पडली होती. त्यावरही आक्षेप आले. मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवले की, इतक्या बारीक गटात पाहणीत आलेली माणसे फार थोडी उरतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत पाहणीत कृष्णवर्णीय, म्हणजे तिथे मुळातच कमी मजुरी मिळणाऱ्या, पुरुषांचे प्रमाण वाढल्यामुळे सरासरी खाली गेल्यासारखी दिसू शकते. हा वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल, तर संपूर्ण शहराविषयी कार्ड यांचा निष्कर्ष मला अधिक भक्कम वाटतो. मात्र बोर्हास यांनी विचारलेला ‘नेमकी कोणाची मजुरी?’ हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे, कारण सरासरी ही शहराची असते आणि खिसा एका माणसाचा असतो.

आता तुमच्या वडिलांकडे वळते. ते दुष्काळात बीडहून आले हे तुम्ही सहज लिहून गेलात. ते तुमच्यावर उलटवण्याचा माझा हेतू नाही. मी ते वेगळ्या कारणासाठी उचलते आहे. ओत्ताव्हियानो आणि पेरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आकड्यांवरून असे मांडले की, नव्याने आलेल्यांची सर्वांत जास्त झळ आधी आलेल्यांना बसते, कारण दोघेही त्याच पायरीवर उभे असतात. पुण्यात याचा पडताळा पाहणे अवघड नाही. नवी माणसे आल्याने बँकेतील कारकुनाचा पगार हलत नाही, सदाशिव पेठेतील डॉक्टरांची फी हलत नाही. (त्या पेठांतील कितीतरी घराणी पेशव्यांच्या मागोमाग कोकणातून आलेली आहेत, पण त्याला फार दिवस झाले.) हलते ती मजूर अड्ड्यावर काल आलेल्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी. म्हणून शहराला फायदा होत असताना तुम्हाला तोटा होणे, यात काही विसंगती नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे तुमच्या मुलीने मान्य करायला हवे.

आपल्या देशातील एक अभ्यास तुमच्या बाजूने बोलतो. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांनी 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा शहरांवर काय परिणाम झाला, ते पाहिले. गावात काम मिळू लागले, तेव्हा हंगामी मजुरीसाठी शहरात येणारी माणसे कमी झाली आणि शहरांतील अकुशल कामाची मजुरी वाढली, असे त्यांना आढळले. म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याचा आणि शहरातील हजेरीचा आपल्याकडे संबंध आहे, असे म्हणायला आधार आहे. पण हजेरी वाढली ती कोणाला अडवल्यामुळे नव्हे, तर माणसे जिथून निघतात तिथे काम मिळाल्यामुळे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे उभी राहिली, त्यांविषयी तुमच्या वडिलांना विचारता आले तर विचारा. गावाजवळ काम मिळूनही ते पुण्याला का निघाले, याचे उत्तर तुमच्या हाताखालच्या दोन मुलांनाही लागू पडेल.

आता मूळ शंकेकडे येते. 8 रुपये दर फक्त परप्रांतीयांमुळेच आला का? तुमच्या धंद्यात गेल्या दहा वर्षांत दुसरे काय बदलले, याची आठवण करून पाहा. नव्या इमारतींत वाळूच्या गिलाव्याऐवजी जिप्सम प्लास्टर होऊ लागले. तिथे लांबी (पुट्टी) भरण्याचे आणि घासण्याचे काम पूर्वीइतके राहत नाही. रंगाच्या मोठ्या कंपन्या स्वतःच घर रंगवून देण्याची सेवा विकू लागल्या आहेत आणि त्या साखळीत मधल्या माणसाचा वाटा आधी कापला जातो. मोठ्या कामांवर फवारणीची यंत्रे आली. गिऱ्हाईक मोबाइलवर चार दर मागवते आणि सर्वांत कमी दर तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही सांगता तो 8 रुपयांचा दर नेमका कोणाचा आहे? भिंत रंगवणाऱ्याचा, की त्याला आणणाऱ्या ठेकेदाराचा? ठेकेदार गिऱ्हाइकाकडून 10 घेऊन खाली 6 देत असेल, तर तुमची स्पर्धा त्या मुलाशी नाही. त्याने गावाहून निघताना घेतलेली उचल, खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे आणि पैसे बुडाले तरी दाद मागण्याची त्याला वाटणारी भीती, यांच्याशी आहे.

दुसरे गृहीतक असे की, पुण्यातील भिंती ठरलेल्या आहेत आणि एकाने रंगवली की दुसऱ्याची गेली. तुम्ही राहता त्या धायरीचेच पाहा. 2017 मध्ये महापालिकेच्या हद्दीत 11 गावे आली, त्यांत ती होती. 2021 मध्ये आणखी 23 आली. सिंहगड रस्त्यावर एवढ्या इमारती उठल्या, त्या बांधायला माणसे मिळाली म्हणून उठल्या आणि त्यांतील कितीतरी भिंती तुम्ही रंगवल्या असतील. अमेरिकेत उलटा प्रयोगही झालेला आहे. मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणण्याची ब्रासेरो योजना 1964 अखेर बंद केली गेली, त्यामागे देशी शेतमजुरांची मजुरी वाढावी हाही उद्देश होता. क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल यांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसले की, जिथून जास्त मेक्सिकन मजूर गेले, तिथे मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढली नाही. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडणीची यंत्रे आणली आणि यंत्र नसलेली पिके कमी केली. उद्या सोसायट्यांनी तुमचे निवेदन मान्य केले, तर वाचलेले काम तुमच्या ब्रशकडे येईल की फवारणीच्या यंत्राकडे, याचा विचार सहीआधी करा.

कार्ड यांची पद्धत, म्हणजे माणसांची संख्या अचानक बदलली तेव्हा मजुरीचे काय झाले ते पाहणे, तुम्हालाही वापरता येईल. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत परराज्यांतील माणसे पुण्यातून निघून गेली होती. त्यानंतर कामे सुरू झाली, तेव्हा तुम्हाला काय दर मिळाला? वहीत नोंद असेल तर काढा. मात्र त्या काळात लोक घरात माणूस घ्यायलाही घाबरत होते, म्हणजे रंगवणारे कमी झाले तसे रंगवून घेणारेही कमी झाले. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कोणती कशामुळे घडली, हे सांगता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ मायामीवर इतकी वर्षे भांडतात, त्याचे कारण हेच आहे.

आता पत्रातील शेवटच्या ओळीविषयी. तुमच्याकडे उत्तर प्रदेशातील दोन मुले आहेत. तुम्ही त्यांना ठेवले, याचा अर्थ त्यांच्यामुळे तुमचे काही काम निभते. ती घासतात, लांबी भरतात, परांचीवर चढतात. तुम्ही रंग जुळवता, ओल कुठून येते ते शोधता, गिऱ्हाइकाशी बोलता, हिशेब ठेवता. पेरी आणि स्पार्बर यांनी अमेरिकेत हेच पाहिले: हाताची कामे नव्याने आलेल्यांकडे गेली, तेव्हा स्थानिक माणसे बोलण्याची, समजावण्याची, देखरेखीची कामे करू लागली. तुमच्याच कामात ही वाटणी झालेली आहे. मग निवेदनावर सही करून सोमवारी सकाळी त्याच दोघांना कामावर नेणे तुम्हाला कसे जमेल? हा टोमणा समजू नका, कारण तुम्हाला ते जमणार नाही असे दिसते. नाहीतर ती ओळ तुम्ही लिहिलीच नसती.

निवेदनावर सही करू नये, असे माझे मत आहे, आणि त्याला भावनेपेक्षा व्यवहाराची कारणे अधिक आहेत. नांदेड, यवतमाळकडून आलेला मराठी माणूसही 8 रुपयांत काम घेतो. हे निवेदन त्याला लागूच होत नाही. देशात कुठेही राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने दिलेला आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना 75 टक्के जागा देणारा कायदा केला होता, तो तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द ठरवला. सोसायटीने कोणाला काम द्यावे हा तिचा प्रश्न आहे, पण 3 रुपये वाचत असताना निवेदनाकडे पाहून ती थांबेल, असे मला वाटत नाही.

तरीही रविवारच्या बैठकीला जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. जा, आणि दुसरा मजकूर मांडा. धायरी, वडगाव, नऱ्हे या पट्ट्यात रंगकामाची हजेरी अमुक रकमेच्या खाली कोणीही घेणार नाही आणि देणार नाही, मग तो कुठल्याही राज्याचा असो, असा ठराव करता येईल. ठेक्याचा दर मात्र सगळ्यांनी मिळून बांधू नका, त्यात कायद्याची अडचण येऊ शकते. हजेरीची गोष्ट वेगळी, ती मजुरी आहे. या ठरावात तुमची दोन मुलेही सही करू शकतील आणि ठेकेदाराला त्या रकमेखाली उतरता येणार नाही. मजुरीचा तळ वर उचलला तर कामेच जातील, अशी भीती घातली जाईल. त्यावर याच डेव्हिड कार्ड यांचा दुसरा अभ्यास सांगा. एप्रिल 1992 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात किमान वेतन ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर झाले, त्याच्या आधी आणि नंतर अ‍ॅलन क्रूगर यांच्यासह त्यांनी तेथील आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील मिळून 410 उपाहारगृहे पाहिली. पेनसिल्व्हेनियाशी तुलना करता नोकऱ्या घटल्याचे त्यांना दिसले नाही. त्यावरही वाद झाले, हेही सांगा. अर्धे सांगून बैठक जिंकू नका.

तुमच्यासारख्या इतर कारागिरांनाही उपयोगी पडेल, अशी एक गोष्ट नोंदणीची आहे. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या आणि मागील वर्षात 90 दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगाराला नाव नोंदवता येते. रंगकाम त्यात धरले जाते. तुमची नोंदणी नसेल तर करा आणि दोन्ही मुलांचीही करा. त्यांना हजेरी किती देता, ते तुम्ही लिहिलेले नाही. बैठकीत किमान हजेरी मांडण्यापूर्वी तो आकडा एकदा स्वतःशी तपासून घ्या.

धंद्याविषयी माझा सल्ला असा की, चौरस फुटाच्या दरात 8 रुपयांशी झुंजू नका, ती झुंज 7 वर जाईल. तुमच्याकडे 28 वर्षांचे जे आहे, ते वेगळे विका. पावसाळ्याआधीची ओल-गळतीची तपासणी, जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या लाकडाचे पॉलिश, दोन वर्षांत पापडी सुटली तर पुन्हा येऊन करून देण्याची लेखी हमी, आणि कोणता रंग किती लिटर लागला याचे मराठीत छापलेले साधे बिल. घरात वृद्ध आईवडील असलेली गिऱ्हाइके ओळखीच्या, पुन्हा भेटणाऱ्या माणसाला चार पैसे जास्त देतात, हा तुमचाही अनुभव असेल. सगळी देणार नाहीत, हे उघड आहे. काही कामे जातील, ती जाऊ द्या.

मुलीशी बोलताना निबंधावरून सुरुवात करू नका. तिला तुमच्या जुन्या वह्या द्या. 2016 पासूनची प्रत्येक कामाची तारीख, चौरस फूट, दर, किती दिवस, किती माणसे आणि काम कोणामार्फत आले, हे तिला एका तक्त्यात भरायला सांगा. दर कोणत्या वर्षी अडकला आणि त्या वर्षी तुमच्या कामांत थेट गिऱ्हाइके किती होती, ठेकेदारांमार्फत आलेली किती, हे त्यातून दिसेल. ठेकेदारांमार्फत येणारी कामे वाढत गेल्यावर दर अडकलेला दिसला, तर तुमचा राग दुसऱ्या माणसावर वळेल. तसे दिसले नाही, तर तिला तिचे ‘सिद्ध झाले’ मागे घ्यावे लागेल. बोर्हास यांचा निबंध तिने वाचला आहे का, हेही त्या वेळी विचारा.

बैठक रविवारी आहे. तोवर सगळ्या वह्या सापडणार नाहीत, पण 2016 ते 2019 च्या मिळाल्या तरी तक्ता सुरू करता येईल.